विश्लेषण : सरकारी कार्यालयात जाताना काय घालायचं? नियम कुणाला लागू, परदेशात काय आणि आपल्या जिल्ह्यात काय?

परदेशी निघालेल्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कागदपत्रांच्या यादीनंतर हमखास येणारा प्रश्न कपड्यांचा असतो. ‘रेसिडेन्स परमिटच्या अपॉइंटमेंटला फॉर्मल्स लागतात का?’ ‘व्हिसा इंटरव्ह्यूला ब्लेझर घालू का?’ ‘आई-बाबा येणार आहेत, बाबा धोतर नेसतात, चालेल ना?’ उत्तरं देणारेही तयारच असतात. कुणी सांगतं टाय हवाच, कुणी सांगतं दाढी करून जा. कुणाच्या मावसभावाच्या मित्राला म्हणे टी-शर्टमुळे व्हिसा नाकारला.

लोणी, संगमनेर आणि कोपरगाव इथली तिन्ही मोठी अभियांत्रिकी महाविद्यालयं १९८३ ची. तिथून बाहेर पडून देशाबाहेर गेलेल्यांची आता दुसरी पिढी सुरू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यामुळे नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी मुलंही आता या रांगेत आली आहेत. ज्यांच्या घरात याआधी कुणी पासपोर्ट काढलेला नाही, त्यांना कपड्यांचा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही, आणि तो क्षुल्लक नाहीही. खिडकीवरून परत पाठवलं तर मजुरी, प्रवास आणि महिन्याभरानं मिळालेली तारीख, सगळंच बुडतं.

माझ्या मते इथे आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक म्हणजे लिहिलेला नियम आणि दुसरी म्हणजे समोरच्याची नजर. लिहिलेला नियम, मग तो देशातला असो वा परदेशातला, वाचायचा आणि पाळायचा. नजरेचा नियम मात्र कुणी कितीही अधिकारानं सांगितला तरी त्याला ‘हे कुठे लिहिलंय?’ असं विचारायला हवं. गोंधळ होतो तो या दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्यावर, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात सापडतं.

एकच आठवडा, दोन फलक

८ डिसेंबर २०२० रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागानं एक परिपत्रक काढलं. मंत्रालय आणि सरकारी कार्यालयांतल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांनी काय घालावं आणि काय घालू नये, हे त्यात होतं. महिलांनी साडी, सलवार-कुर्ता, चुडीदार किंवा ट्राउझरवर कुर्ता अथवा शर्ट घालावा आणि गरजेनुसार दुपट्टा घ्यावा. पुरुषांनी शर्ट-पँट घालावी. जीन्स आणि टी-शर्ट नको, गडद भडक रंग नकोत, चित्रविचित्र नक्षी किंवा चित्रं नकोत. पायात स्लिपर नको. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी. कारणही दिलेलं होतं : विशेषतः कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागार कार्यालयाला शोभेल असा पेहराव करत नाहीत आणि त्यामुळे शासनाची प्रतिमा मलिन होते.

‘विशेषतः कंत्राटी’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ज्याच्या नोकरीची वर्षभराचीही खात्री नाही, त्याच्या जीन्समुळे शासनाची प्रतिमा मलिन होते म्हणे! असो. मार्च २०२१ मध्ये सरकारनं जीन्सवरची बंदी मागे घेतली, टी-शर्टवरची तशीच ठेवली.

त्याच आठवड्यात राहाता तालुक्यातल्या शिर्डीत दुसरा वाद पेटला होता. साईबाबा मंदिरात येताना भाविकांनी भारतीय संस्कृतीला साजेसा, सभ्य पोशाख करावा, अशा आशयाचे फलक संस्थाननं लावले होते. मंदिराचा मुद्दा सरकारी कार्यालयाच्या लेखात कशाला, असं कुणी विचारेल. शिर्डी संस्थान २००४ च्या राज्य कायद्यानुसार चालतं, त्याची व्यवस्थापन समिती सरकार नेमतं आणि मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासकीय सेवेतला असतो. तिथला फलक म्हणजे एखाद्या खासगी मंडळाची पाटी नव्हे.

भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई यांनी हे फलक स्वतः जाऊन काढण्याचा इशारा दिला. प्रशासनानं त्यांना शिर्डीत प्रवेशबंदी केली. १० डिसेंबरला पुण्याहून निघालेल्या देसाईंना पारनेर तालुक्यातल्या सुपा इथे पोलिसांनी ताब्यात घेतलं. २६ जानेवारी २०१६ रोजी शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याकडे निघालेल्या त्यांच्या मोर्चालाही सुप्यातच अडवलं होतं. संस्थानचं म्हणणं असं होतं की हे आवाहन आहे, सक्ती नाही.

देसाईंची पद्धत पटो न पटो, त्यांच्या प्रश्नात दम होता. आवाहन असेल, तर ते न पाळणाऱ्याला दारावर कुणी अडवणार नाही, हे त्याच फलकावर का लिहू नये? कारण फलकाच्या शेजारी सुरक्षारक्षक उभा असतो, आणि त्याला आवाहन आणि आदेश यांतला फरक कुणी समजावून सांगितलेला नसतो.

नियम कर्मचाऱ्यांचा, अडवणूक लोकांची

२०२० चं परिपत्रक काय सांगत नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे. ते नोकरीवर असलेल्यांसाठी आहे. कार्यालयात काम घेऊन येणाऱ्या माणसानं काय घालावं, याबद्दल त्यात काही नाही. शालेय शिक्षण विभागानं मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी असाच निर्णय काढला. त्यातही जीन्स, टी-शर्ट, गडद रंग नकोत, पुरुषांनी शर्ट खोचलेला असावा वगैरे होतं. तोही शिक्षकांपुरताच आहे. मुलाचा दाखला न्यायला आलेल्या पालकाला तो लागू नाही.

कर्मचाऱ्यांना असा नियम असावा का, यावर दोन मतं असू शकतात. मला त्यात फार वावगं वाटत नाही. पगार सरकारचा, वेळ सरकारची, तर कपड्यांबाबत थोडी शिस्त सांगायचा अधिकार मालकाला असतोच. इंजिनीअरिंगच्या तोंडी परीक्षेला आम्ही सगळ्यांनी उसने फॉर्मल शूज घालून हजेरी लावलेली आहे, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. फक्त महिलांच्या दुपट्ट्यापर्यंत जाणारा तपशील आणि पुरुषांसाठी दोन शब्द, हा असमतोल खटकतो.

कागदावर कर्मचाऱ्यांसाठी असलेला नियम व्यवहारात लोकांच्या अंगावर येतो तेव्हा मात्र गोष्ट बदलते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित सेवेसाठी ठरलेल्या मुदतीत काम करणं किंवा नाकारायचं असेल तर लेखी कारण देऊन नाकारणं, एवढेच दोन मार्ग हा कायदा अधिकाऱ्यापुढे ठेवतो. तिसरा मार्ग, म्हणजे ‘नीट कपडे घालून उद्या या’, त्यात नाही. नाकारल्यावर पहिलं अपील, दुसरं अपील आणि नंतर आयोग अशी वाट आहे. विनाकारण सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

लोकांना कपड्यांवरून अडवलं जातं, ही कल्पना नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळुरूत राजाजीनगर मेट्रो स्थानकावर एका शेतकऱ्याला, तिकीट असूनही, कपडे मळलेले म्हणून आत सोडलं नाही. इतर प्रवाशांनी जाब विचारला, व्हिडिओ पसरला आणि मेट्रोनं संबंधित सुरक्षा पर्यवेक्षकाला कामावरून काढलं. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच शहरात धोतर नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला मॉलमध्ये अडवलं, तेव्हा मॉल सात दिवस बंद ठेवण्याची कारवाई झाली. दोन्ही वेळा असं अडवण्याचा लेखी नियम कुणालाच दाखवता आला नाही. होती ती दारावरच्या माणसाची नजर, आणि व्हिडिओ नसता तर दोन्ही शेतकरी गुपचूप घरी गेले असते.

‘योग्य’ कपडे कोण ठरवतं?

हा प्रश्न इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. तेव्हा वाद पायातल्या जोड्यांवरून होत. साहेबाच्या कचेरीत आणि न्यायालयात एतद्देशीयांनी जोडे काढून यावं, अशी अपेक्षा असे. १८६२ मध्ये सुरतेच्या न्यायालयात एका पारशी गृहस्थांनी याला हरकत घेतली आणि ते प्रकरण मुंबई इलाख्यात बरंच गाजलं. साहेब मात्र बूट घालूनच बसलेला असे.

पुण्यातला प्रसंग त्याहून बोलका आहे. २ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी समारंभ ठेवला होता. निमंत्रित मंडळी दागदागिने आणि उंची पोशाख घालून आली. जोतीराव फुले मात्र शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि या झगमगाटावरून हिंदुस्थानची कल्पना करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, असं त्यांनी ड्यूकला सुनावलं. त्या दिवशी त्या दालनात ‘अयोग्य’ कपड्यांतला माणूस एकच होता आणि आज त्या समारंभातलं नाव आठवतं तेही त्याचंच.

आपल्या जिल्ह्यात तर याची जिवंत उदाहरणं आहेत. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे धोतर, सदरा आणि टोपी या वेषात दिल्लीपर्यंत गेले, मंत्र्यांबरोबर चर्चेला बसले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री स्वीकारली ती त्यांच्या रोजच्या पद्धतीच्या नऊवारीतच. त्याच सोहळ्यांमध्ये कर्नाटकच्या तुलसी गौडा अनवाणी आल्या होत्या. देशातल्या सर्वोच्च सरकारी इमारतीत अनवाणी चालतं. मग तालुक्याच्या कचेरीत चपलेवरून कुणी कपाळाला आठ्या का घालाव्यात? नाव मोठं झाल्यावर धोतर ‘साधेपणा’ ठरतं, आणि नाव नसलेल्या माणसाचं तेच धोतर ‘गबाळेपणा’ ठरतं, एवढाच याचा अर्थ.

तमिळनाडूनं यावर बरा तोडगा काढला. २०१९ मध्ये तिथल्या सरकारनं कर्मचाऱ्यांसाठी पेहरावाचा आदेश काढला तेव्हा पुरुषांच्या औपचारिक पोशाखात पँटबरोबर वेष्टीलाही, म्हणजे त्यांच्या धोतरालाही, जागा दिली. आपल्या परिपत्रकात पुरुषांच्या धोतराचा किंवा पायजम्याचा उल्लेख नाही, शुक्रवारची खादी मात्र आहे.

सर्वोच्च न्यायालयाचंही यावर म्हणणं आहे. न्यायालयात हजर झालेल्या सनदी अधिकाऱ्यांना कपड्यांवरून झापल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. ३ जानेवारी २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं यासाठी कार्यपद्धती घालून दिली : अधिकाऱ्याच्या कार्यालयाचा ठरलेला ड्रेस कोड मोडलेला नसेल, तर न्यायालयानं त्याच्या पोशाखावर शेरे मारू नयेत. म्हणजे कसोटी पुन्हा तीच, लिहिलेला नियम आहे का? सनदी अधिकाऱ्याला जे संरक्षण मिळालं, ते सातबाऱ्यासाठी आलेल्या माणसाला त्याच तर्कानं मिळायला काय हरकत आहे?

परदेशात नियम वेगळे, पण छापलेले

आता निघालेल्यांबद्दल. परदेशात आपण पाहुणे असतो. तिथल्या नियमावर आपलं मत असू शकतं, पण ते दारात उभं राहून मांडायची जागा नव्हे. चांगली गोष्ट एवढीच की बहुतेक ठिकाणी नियम असेल तर तो छापलेला असतो.

सर्वांत कडक आखात. सौदी अरेबियात सार्वजनिक सभ्यतेचे नियम २०१९ पासून आहेत. त्यात २०२२ मध्ये भर घालून मशीद आणि सरकारी कार्यालयात पुरुषांनी हाफ पँट घालून जाणं दंडनीय केलं, दंड २५० ते ५०० रियाल. रस्त्यावर चालते, कार्यालयात चालत नाही. साइटवरून घाईत परस्पर कागद द्यायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अमिरातीतही सरकारी इमारतीत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा साधा हिशेब ठेवला की अडचण येत नाही.

थायलंड आणि इंडोनेशियात इमिग्रेशन कार्यालयाच्या दारात चित्रांसह फलक असतात : शॉर्ट्स नकोत, बिनबाह्यांचे कपडे नकोत, स्लिपर नको. समुद्रकिनाऱ्यावरून तसेच उठून व्हिसा वाढवायला येणाऱ्या पर्यटकांसाठी ते लावलेले आहेत. आपली आई सलवार-कुर्ता आणि साधी सँडल घालून गेली तर तिला तिथे काहीच बदलावं लागत नाही.

जर्मनीत चित्र उलटं. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाताना तुम्ही काय घातलंय, याच्याशी समोरच्या बाईंना देणंघेणं नसतं. अपॉइंटमेंटची वेळ आणि फाइलमधला प्रत्येक कागद, यावर त्यांची नजर असते. दहा मिनिटं उशीर झाला तर सूट-बूट उपयोगी पडणार नाही. ब्लेझरच्या पैशांत चांगलं थंडीचं जॅकेट घ्यावं.

अमेरिकेत रोजच्या सरकारी कामांना कपड्यांची अट नाही, पण नागरिकत्वाच्या शपथविधीला आहे. त्या सोहळ्याच्या सूचनापत्रातच जीन्स, शॉर्ट्स आणि फ्लिप-फ्लॉप नकोत, असं लिहिलेलं असतं. ब्रिटनमध्ये नागरिकत्व समारंभाला नीटनेटके या, पारंपरिक पोशाखही घालू शकता, असं स्थानिक कौन्सिल सांगतात. पैठणी घालायची हौस असेल तर ही जागा आहे.

मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीच्या मुलाखतीबद्दल इथले एजंट जे सांगतात त्यावर थोडं बोलायलाच हवं. पर्यटक व्हिसाचं शुल्क १८५ डॉलर आहे आणि नकार मिळाला तर ते परत मिळत नाही. त्यामुळे घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं, कोटाच्या रंगाच्या सल्ल्यासह. प्रत्यक्षात बहुतेक नकार त्यांच्या कायद्यातल्या २१४(ब) या कलमाखाली येतात. तुम्ही परत मायदेशी याल, याची खात्री अधिकाऱ्याला पटली नाही, असा त्याचा अर्थ. शेती, घर, नोकरी, कुटुंब यांची सरळ, खरी उत्तरं तिथे कामाची. आयुष्यात कधी टाय न लावलेल्या शेतकरी बापाला टाय बांधून पाठवलं तर तो उत्तरापेक्षा गळ्याकडेच जास्त लक्ष देईल.

फोटोत मात्र नियम खरंच कडक

कपड्यांमुळे अर्ज अडकण्याची खरी जागा म्हणजे फोटो, आणि ग्रुपवर त्याबद्दलच कुणी बोलत नाही. आपल्याकडे पासपोर्टचा फोटो केंद्रातल्या काउंटरवरच काढतात, नगरच्या टपाल कार्यालयातल्या केंद्रातही. फक्त चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो घरून न्यावा लागतो. मागचा पडदा पांढरा असतो, म्हणून पांढरा शर्ट टाळा, नाहीतर खांदे पडद्यात विरघळतात. नेमकं लग्नकार्यासारखं ‘चांगलं दिसावं’ म्हणून लोक कडक इस्त्रीचा पांढराच घालून येतात.

अमेरिकी व्हिसाच्या फोटोत १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालत नाही. गणवेश चालत नाही. रोज घालता ते कपडे घाला, असं त्यांचा नियमच सांगतो. टोपी किंवा फेटा काढावा लागतो. धार्मिक कारणानं रोज डोकं झाकणाऱ्यांना सूट आहे, पण चेहरा पूर्ण दिसला पाहिजे. गांधी टोपी या सवलतीत बसत नाही. चाळीस वर्षांत चारचौघांत टोपी न काढलेल्या आजोबांना हे स्टुडिओत ऐनवेळी सांगू नका, घरीच दोन दिवस आधी सांगा. आजीच्या पदराचंही तेच. कपाळावर सावली पडली की फोटो बाद होऊ शकतो. जर्मनीत १ मे २०२५ पासून पासपोर्ट, ओळखपत्र आणि रेसिडेन्स परमिटसाठी डिजिटल फोटोच लागतो, म्हणजे नगरहून छापून नेलेले आठ फोटो तिथे कामाला येणार नाहीत.

हे सगळे नियम कटकटीचे आहेत, पण त्यांत एक बरं आहे. ते कलेक्टरच्या मुलाला आणि ऊसतोड मजुराच्या मुलाला सारखेच लागू आहेत आणि दोघांनाही अर्ज भरण्याआधी वाचता येतात. आपल्याकडे कार्यालयांच्या दारात ‘सभ्य पोशाखातच प्रवेश’ अशा पाट्या लावताना नेमकी हीच अट सुटते. पाटीवर परिपत्रकाचा क्रमांक नसतो, तारीख नसते, खाली सही नसते. अशी पाटी दाखवून कुणी परत पाठवू लागलं तर वाद घालत बसू नका. अर्ज आवक-जावकला द्या, पोच घ्या आणि नाकारायचं असेल तर कारण लेखी द्या म्हणा. लोकसेवा हक्क कायद्याखाली त्या अधिकाऱ्याला कारणाच्या जागी काहीतरी लिहावं लागेल, आणि तिथे ‘अर्जदाराच्या पायात चप्पल होती’ असं लिहून त्याखाली सही-शिक्का मारणारा अधिकारी अजून माझ्या तरी पाहण्यात नाही.